खालच्या रेघांची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. एक फूट लांब, दोन बोटे रुंद. एका कडेला पितळेची बारीक धार बसवली आहे. शून्याकडचे माझे टोक झिजले आहे आणि पाठीवर शाईचे डाग आहेत. तुमच्या दप्तरात माझी एखादी नात असेल, प्लॅस्टिकची, वाकवाल तशी वाकणारी. तिला माझा आशीर्वाद सांगा. आणि तिच्याने पाठ खाजवत जाऊ नका. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नंतर माझा जीव असा चिडतो की सांगायचे राहून जाते.

माझे लाकूड कोणत्या झाडाचे, हे मला आठवत नाही. कारखान्यात एका यंत्राने माझ्या अंगावर आकडे उमटवले, तेवढे आठवते. म्हणजे आकडे मला जन्मापासून येतात. अक्षरे मात्र मी फार उशिरा शिकले, तीही नानांच्या हाताखाली, त्यांनी कागदाच्या कडेला लिहिलेली टिपणे बघून बघून. शिकले याचा आनंद होता. पण पुढे एकदा असे वाटले की शिकले नसते तर बरे झाले असते. वाचता यावे आणि सांगता येऊ नये, यासारखी दुसरी घुसमट नाही.

नाना एका शेअर दलालाच्या कचेरीत आलेख काढायचे. चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत मालक आणि टेलिफोन, बाहेरच्या खोलीत नानांचे उतरते टेबल आणि भिंतभर लावलेले आलेख. तुम्हाला शेअर म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर सांगते. एखाद्या कंपनीच्या मालकीचे हजारो लहान तुकडे करतात. त्या एका तुकड्याला शेअर म्हणतात. आज एका तुकड्याला काय किंमत आली, तो झाला भाव. आणि दिवसभरात असे किती तुकडे या हातातून त्या हातात गेले, ती झाली उलाढाल. कचेरीतले लोक तिला व्हॉल्यूम म्हणायचे. म्हणायचे फक्त. बघायचे नाहीत.

बाजार बंद झाला की नाना आकड्यांचा कागद घेऊन बसायचे. प्रत्येक कंपनीचा एक आलेख. वरच्या भागात भावाची रेघ, टिंबाटिंबाने चढणारी-उतरणारी. खालच्या भागात उलाढालीच्या उभ्या रेघा, दिवसाला एक. वरच्या रेघेसाठी नानांकडे एक हिरवट, तिकोनी गुण्या होता. तो फार तोऱ्यात असायचा. खालच्या रेघांसाठी मी. माझा एक सेंटिमीटर म्हणजे दहा हजार शेअर. वीस हजार शेअर फिरले की दोन सेंटिमीटर उंच रेघ, पन्नास हजार फिरले की पाच. सरळ हिशेब होता. त्यात गोंधळायला जागा नव्हती असे मला वाटायचे. मी माणसांना ओळखत नव्हते, दुसरे काय.

त्या भिंतीला टेकून एक लांब बाक होता. सकाळी बाजार उघडायच्या आधी गिऱ्हाईक मंडळी त्यावर येऊन बसायची. बाकाच्या पाठीची वरची कड बरोबर खालच्या रेघांच्या तळाशी यायची. म्हणजे बसणाऱ्याचे डोके कुठे टेकणार? माझ्या रेघांवर. वीस वर्षे मी मोजून मापून काढलेल्या रेघांवर लोकांच्या डोक्याच्या तेलाचे गोल गोल डाग पडले. आणि ते टेकून करायचे काय, तर मान वळवून वरची रेघ बघायचे. "चढला!" "पडला!" झाले. एवढ्यासाठी भिंत कशाला हवी होती? दारावर एक बाण लावला असता तरी भागले असते.

खालचा चष्मेवाला तर रोजचा. दुकान उघडण्याआधी अर्धा तास वर. गावभर लोकांना चष्मे लावायचा आणि स्वतः वरचीच रेघ बघायचा. एकदा तो आत शिरता शिरताच म्हणाला, "नाना, काल म्हणे सगळे विकत सुटले होते!"

"मग घेतले कुणी?" नाना मान वर न करता म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे पन्नास हजार शेअर विकले गेले. ते कुणीतरी घेतले असतील, की खिडकीतून खाली टाकले? तुमच्या छपरावर पडलेत का बघून या."

बाकावरचे हसले. चष्मेवालाही हसला. आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "नाना, काल सगळे घेत सुटले होते!"

आता काय बोलावे? मला कपाळ असते तर मी बडवून घेतले असते. मित्रांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक सौद्यात एक विकणारा असतो आणि एक घेणारा असतो. उंच रेघेचा अर्थ विकणारे जास्त असा होत नाही, आणि घेणारे जास्त असाही होत नाही. दोघे सारखेच. प्रश्न फक्त घाई कुणाला आहे हा. खाली रेघा उंच आणि वर भाव उतरतोय, तर घाई विकणाऱ्याला आहे. रेघा उंच आणि भाव चढतोय, तर घाई घेणाऱ्याला. म्हणून वरचे आणि खालचे एकत्र वाचायचे असते. हे नाना दिवसातून तीनदा सांगायचे. लोक मान डोलवायचे, आणि डोलवता डोलवता माझ्या आणखी दोन रेघा पुसायचे.

कौतुक कधी झालेच नाही असे नाही. एकदा सिमेंटचे पाइप करणाऱ्या एका कंपनीचा भाव रोज चढत होता. बाक खुशीत होता. मालकही आपले पैसे घालायला निघाले. नानांनी त्यांना हाताला धरून आलेखापुढे आणले, एका माणसाला बाकावरून उठवले आणि खाली बोट ठेवले. रेघा तांदळाच्या कणीएवढ्या होत्या.

"मालक, रोज भाव वाढतोय, पण हजार-दोन हजार शेअरांवर. रिकाम्या सभागृहात एकच माणूस टाळ्या वाजवतोय. ह्याला गर्दी म्हणू नका."

मालक थांबले. पुढच्याच महिन्यात तो भाव असा कोसळला की नानांना कागद खाली जोडावा लागला. मालक खूश झाले. बाहेर येऊन म्हणाले, "नाना, तुमच्या आलेखाने वाचवलं!" आणि त्यांनी कौतुकाने टेबलावरच्या गुण्याला थोपटले. गुण्याला! मी त्याच्या शेजारीच पडले होते.

असो. माझा राग सांगत बसले तर दिवस पुरणार नाही.

नानांची धाकटी बहीण तीन गल्ल्या पलीकडे शिवणकामाचे दुकान चालवायची. दुकान भाड्याचे, बावीस वर्षांचे. गिऱ्हाइके तिला ताई म्हणायची. तरुणपणी ती एका सुताच्या गिरणीत कामाला होती. ती ज्या खात्यात काम करायची ते बंद झाले तेव्हा गिरणीने कामगारांना थोडे पैसे दिले आणि थोडे आपलेच शेअर दिले. ते शेअर ताईने बटणांच्या डब्यात जपून ठेवले होते. गिरणी चांगली चालली होती, शेअरांचे मोलही वाढले होते. अधूनमधून ती नानांकडे यायची आणि उभ्यानेच आपल्या गिरणीचा आलेख बघायची. बाकावर कधी बसली नाही. म्हणायची, दिवसभर बसूनच तर असते.

खालच्या रेघा काय असतात, हे तिने नानांना एकदाच विचारले. नानांनी सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे असं ना दादा, एखादी घाईची बाई कोटाला दुप्पट शिलाई देऊन गेली, तर तो काही माझा दर होत नाही. चाळीस जणी देऊन गेल्या, तर तो दर."

नानांनी लेखणी खाली ठेवली. "वीस वर्षं मी ह्या बाकाला हेच सांगतोय."

"त्यांना कोट शिवायला लाव," ताई म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी मला प्रथमच वाटले की माझा जन्म अगदीच फुकट गेला नाही.

मग तो महिना आला. ताईच्या दुकानाच्या जागामालकाने जागा विकायला काढली. पहिला हक्क तुझा, म्हणाला, शनिवारपर्यंत सांग, नाहीतर कोपऱ्यावरचा जोडेवाला घ्यायला तयार आहे. ताईने डबा उघडला. सगळे शेअर त्या दिवशीच्या भावाने विकले असते, तर जागेची किंमत जेमतेम निघत होती. पण त्याच महिन्यात गिरणीचा भाव उतरायला लागला होता. आणखी चार पायऱ्या उतरला असता, तर जागाही गेली असती आणि बावीस वर्षांची गिऱ्हाइकेही.

आणि आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगते आहे ती गोष्ट. भाव उतरू लागल्यापासून गिरणीच्या खालच्या रेघा वाढत होत्या. आधी रोज दोन सेंटिमीटर असायच्या. मग चार झाल्या, पाच झाल्या, साडेपाच झाल्या. खालच्या भागाची उंची सहा सेंटिमीटर. एके दिवशी चौसष्ट हजार शेअर फिरले. रेघ मावेना, ती वरच्या भावाच्या रेघेत घुसायला लागली. नानांनी सुस्कारा सोडला आणि माप बदलले. त्या दिवसापासून माझा एक सेंटिमीटर म्हणजे वीस हजार. चौसष्ट हजारांची रेघ झाली तीन सेंटिमीटरला थोडी वर. त्यानंतरच्या दिवसांच्याही तशाच, तीन, सव्वातीन. म्हणजे रोज साठ-पासष्ट हजार शेअर फिरत होते, पण कागदावर रेघा आधीपेक्षा बुटक्या दिसत होत्या.

नानांनी हे लिहून ठेवले नाही का? ठेवले. लाल पेन्सिलीने, स्वच्छ अक्षरात, आलेखाच्या अगदी खालच्या समासात: 'येथून पुढे एक सेंटिमीटर = वीस हजार.' आणि आलेख भिंतीवर लावला. आणि तो समास गेला बाकाच्या पाठीमागे.

नाना, अहो नाना! बावीस-बावीस कंपन्यांचे आलेख डोक्यात ठेवणारा माणूस, पण समोरचा बाक दिसला नाही. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता हे खरे. आणि आपले आलेख आपणच वाचतो, दुसरे कोणी खाली बघत नाही, याची वीस वर्षांची सवय. त्यात चूक कुणाची म्हणावी? त्याच आठवड्यात नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल झाले.

आता नानांचे जावई. विम्याच्या कचेरीत नोकरी. मनाने चांगले, आणि बोलण्यात मनापेक्षाही चांगले. बायकोच्या आत्याची अडचण त्यांना कळली आणि त्यांनी मदत करायचे ठरवले. सासऱ्यांकडून त्यांनी एक नियम पाठ केला होता: भाव पडत असताना उलाढाल आटत गेली, तर समजावे की विकणारे थकले. नियम खोटा नाही. नानांनी स्वतः सांगितलेला. पण कुणाच्याही खिशात नुसता नियम ठेवणे म्हणजे पोराच्या हातात कात्री देण्यासारखे आहे.

बुधवारी जावई कचेरीत आले. भिंतीवरचे आलेख कुणी काढायचे नाहीत, असा मालकांचा दंडक होता. म्हणून त्यांनी पातळ कागद आणला, बाकावर गुडघे टेकले आणि गिरणीचा आलेख गिरवून घेऊ लागले. रेघा सरळ याव्यात म्हणून त्यांनी मला घेतले. दर रेघेला मला उभे धरायचे, पेन्सिल फिरवायची, पुढे सरकायचे. मित्रांनो, माझे खालचे टोक दर वेळी बाकाच्या पाठीमागे जात होते, आणि दर वेळी त्या लाल अक्षरांवर टेकत होते. मला ती अक्षरे वाचता येत होती. येथून पुढे. येथून पुढे. येथून पुढे. मी काय करणार होते? मध्येच जावयांच्या पाठीला खाज सुटली, तर त्यांनी माझ्याचकडून ती खाजवून घेतली आणि पुन्हा मला त्या अक्षरांवर टेकवले.

मग मला आणि त्या कागदाला घेऊन ते ताईच्या दुकानात गेले. कापायच्या टेबलावर कागद पसरला आणि मला त्यावर आडवे-उभे लावून दाखवू लागले.

"आत्या, हे बघा. इथे साडेपाच. आणि त्यानंतर? तीन. तीन. सव्वातीन. जवळजवळ निम्मी! म्हणजे विकणारे दमले. आता भाव वळणार. शनिवारची घाई करू नका. पंधरा दिवस थांबा. जागेचे पैसे निघून वर एक नवं मशीन येईल."

"आणि जागामालक?"

"त्याला मी सांगतो. माझं ऐकतो तो."

"तुमचं कोण ऐकत नाही, जावईबापू," ताई म्हणाली. "तुम्ही बोलायचं थांबलात तर पळून जायला वाव तरी मिळेल माणसाला."

जावई हसले. ताई मात्र कागद बघत होती. तिचा चेहरा उजळला होता, हे मी बघितले. नवे मशीन तिला हवेच होते. जुने दर चार हातांवर दोरा तोडायचे. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खालच्या रेघा बघत होते, मला टेकवून, मोजून, बोट ठेवून बघत होते. आणि सगळे चुकीचे! कुणी बघत नव्हते तेच बरे होते, असे मला झाले. मी त्या टेबलावर पडून होते आणि माझ्या अंगावरचा एकही आकडा ओरडू शकत नव्हता.

ताईने मला उचलले. बोटाने माझे झिजलेले टोक चाचपले, मग एक आकड्यापासून धरून स्वतः मोजले. शिवणकाम करणारी बाई झिजलेल्या टोकावर विश्वास ठेवत नाही. मोजून झाल्यावर ती कागदाचे चारही कोपरे उलटून बघत राहिली.

"काय शोधताय?"

"माप कुठंय?"

"हे काय, मोजलं ना आत्ता?"

"मोजलं हो. पण एक सेंटिमीटर म्हणजे किती, ते कुठे लिहिलंय?"

"दहा हजार. नाना नेहमी दहा हजारच धरतात."

"नेहमी." ताईने टेबलाखालून कोटाचा एक कागदी नमुना काढला. छोटासा, लहान बाहुलीला बसेल एवढा. कोपऱ्यात तिने लिहिले होते: 'चौपट करून कापणे.' "हा बघा. हे कोपऱ्यातलं लिहिलं नसेल, तर ह्यावरून सहा फुटी माणसाला बाहुलीचा कोट होईल. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरींना मी पहिलं हेच सांगते. बिनमापाचा कागद कात्रीखाली घ्यायचा नाही."

"आत्या, हा काय कोट आहे का?"

"कोट असता तर उसवून परत शिवला असता. दादाला विचारून बघा."

"उद्या ऑपरेशन आहे त्यांचं. डॉक्टर म्हणालेत, डोक्याला ताप द्यायचा नाही. तुमच्या भाचीनं मला शपथ घातलीय."

"मग नको त्याला. त्याची भिंत तर इथंच आहे ना."

गुरुवारी सकाळी ताई कचेरीत आली. मला तिने कापडात गुंडाळून आणले होते. बाजार उघडायला पाऊण तास होता. बाकावर चष्मेवाला आणि आणखी तिघे टेकून बसले होते, गिरणीच्या आलेखापुढे नेमका चष्मेवाला.

"उठा जरा," ताई म्हणाली.

"बसायचंय का ताई? या, इकडे सरकतो."

"बसायचं नाही. बाक सरकवायचाय."

"बाक?" चौघांनी एकमेकांकडे बघितले. "हा बाक कधी सरकवत नाहीत."

"कुणी सांगितलं?"

हे मात्र कुणालाच सांगता येईना. मालक आतून आले. त्यांनाही सांगता येईना. शेवटी चौघांनी मिळून बाक ओढला. मागे वीस वर्षांची धूळ, एक हरवलेला चष्मा आणि तेलकट भिंत. चष्मेवाल्याने आपला चष्मा लगेच ओळखला आणि इतका खूश झाला की आपण कशासाठी उठलो तेच विसरला. ताई मात्र खाली वाकली आणि तिने लाल अक्षरे मोठ्याने वाचली.

जावई मागोमाग आले होते, ते दारातच उभे राहिले. ताईने मला आलेखावर लावले, एक आकड्यापासून. ओठ हलवत तिने दुप्पट केली. तीन म्हणजे साठ हजार. सव्वातीन म्हणजे पासष्ट. काल जावयांना निम्मी वाटलेली रेघ खरे तर आजवरची सर्वांत उंच होती.

"मालक," ती म्हणाली, "घाई अजून विकणाऱ्यालाच आहे. दमलाबिमला नाही तो. कुणीतरी मोठा माणूस गिरणीतून बाहेर पडतोय, आणि दार अजून उघडंच आहे. माझे विका."

"किती?"

"सगळे."

"विचार करा ताई," चष्मेवाला म्हणाला. "सगळे विकतायत म्हणून तुम्हीही?"

"कुणीतरी घेणारही आहेच की," ताई म्हणाली. "त्याचं भलं होवो."

दुपारपर्यंत शेअर विकले गेले. भाव आणखी दोन पायऱ्या उतरला होता, तरी जागेची किंमत निघाली. एवढीच, की खिशात उरले ते एका दोऱ्याच्या रिळापुरते. शनिवारी कागदावर सह्या झाल्या. नवे मशीन आले नाही.

नाना बरे होऊन आल्यावर त्यांना हे समजले. आधी ते जावयांवर चिडले, मग स्वतःवर. "चूक माझीच," ते म्हणाले. "माप बदलल्या ठिकाणी रेघच मोडायला हवी होती. दोन उभ्या रेघा मारून जागा सोडायला हवी होती, म्हणजे आंधळ्यालाही ठेच लागली असती."

"तुलाही लागली असती," ताई म्हणाली.

तिने शेअर विकले ते बरोबर होते का? मित्रांनो, इथेच लोक मला सर्वांत जास्त चिडवतात. भाव त्यानंतर आणखी दीड महिना उतरला. त्या भावात ताईची जागा निघाली नसती. पण सातव्या महिन्यात तोच भाव आधीपेक्षाही वर गेला. तेव्हा जावई दुकानात येऊन म्हणाले, "बघा आत्या, थांबला असतात तर?"

"थांबले असते तर तुम्ही आत्ता जोडेवाल्याच्या दुकानात उभे असता," ताई म्हणाली. "पायातले काढून ठेवा नाहीतर विकत घ्या, असं म्हणाला असता तो."

खालच्या रेघा उद्याचे सांगत नाहीत हो! त्या कुणी ज्योतिषी नाहीत. आज किती जणांचे हात गुंतले होते, एवढेच त्या सांगतात. तेवढे खरे सांगतात, तर माणसांना तेवढे पुरत नाही.

पुढे कचेरीत संगणकाचे पडदे आले. पडद्यावर आलेख आपोआप निघतात. नानांचे टेबल अडगळीत गेले. गुण्याला मालकांनी चौकटीत घालून भिंतीवर लावले, आठवण म्हणून. मला एका खोक्यात टाकले, तिथे माझ्याने रंगाचे डबे उघडायचे. नानांना ते समजले तेव्हा त्यांनी मला शोधून काढले, पुसले आणि बहिणीला दिले. तेव्हापासून मी शिवणाच्या दुकानात, खिळ्याला. दुकान ताईचे स्वतःचे आहे. मशीन अजून जुनेच आहे, दर चार हातांवर दोरा तोडते, आणि ताई दर वेळी त्याला एकच शिवी देते. शेजारच्या पोरी शिकायला येतात. कागदावर पहिली रेघ मारण्याआधी त्या कोपऱ्यात माप लिहितात. जी विसरते तिला ताई काही बोलत नाही. नुसती मला खिळ्यावरून काढते आणि त्या कोपऱ्यावर ठेवते.

परवा जावई आले होते. हातात फोन, फोनवर आलेख, आलेखाखाली फिकट राखी रंगाच्या रेघा, मुंगीच्या पायांएवढ्या.

"आत्या, आजची उलाढाल बघा! आभाळाला टेकलीय!"

ताईने चष्मा वर सरकवला. "माप?"

"ते आपोआप बदलतं. पडद्यात बसेल तसं."

"कुणाला विचारून?"

जावयांनी फोनकडे बघितले, मग माझ्याकडे, आणि फोन खिशात ठेवला. एवढ्या वर्षांत माझ्याकडे बघून गप्प बसलेले हे पहिलेच माणूस.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यासमोरही कुणीतरी असे कागद पसरेल. शेअरांचेच असतील असे नाही. वरची रेघ चढतेय की पडतेय हे तो ओरडून सांगेल. तुम्ही खाली बघा. रेघ उंच दिसली तर हुरळू नका आणि बुटकी दिसली तर हायसे मानू नका. आधी कोपऱ्यात माप शोधा. सापडले नाही, तर बाक सरकवा. हा बाक कधी सरकवत नाहीत असे लोक म्हणतील. तरी सरकवा.

आणि दप्तरातल्या त्या माझ्या नातीला जपा. तिचे टोक झिजले तर एक आकड्यापासून मोजा, पण तिला फेकू नका. डबे उघडायला दुसरे काहीतरी घ्या. आणि पाठ? पाठीला खाज सुटली तर भिंत आहे. फक्त भिंतीवर कुणाच्या रेघा नाहीत ना, तेवढे वळून बघा.